एक सही, तीन वह्या

जुडिथताई मला पहिल्यांदा दिसली ती नवऱ्याला झापताना, आणि तेही मराठीत. आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या कॅरिगलाइनच्या सुपरमार्केटमध्ये, खोबऱ्याच्या पाकिटांसमोर.

"अहो, किसलेलं नको म्हटलं ना! लाकडाचा भुसा नि हे एकच. अख्खा नारळ कुठे दिसतो का बघा."

मला पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. माझा नवरा सारंग रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात जायचा, मी घरी लॅपटॉपवर काम करायची, आणि आमची तीन वर्षांची इशिता दिवसभर माझं डोकं खायची. कुणीतरी कुणावर तरी मराठीत ओरडतंय हे ऐकून मला इतकं भरून आलं की ट्रॉली तिथेच सोडून मी धावले.

"तुम्ही मराठी?"

"मग काय, आयरिश दिसते?" ती म्हणाली. नर्सचा ड्रेस, वर कोट, हातात यादी. "जुडिथ पेझारकर, अलिबागची. आणि हे आमचे सॅम्युअल. यांना नारळ सांगितला की हे भुसा आणतात."

सॅमभाऊजी बिचारे हसले. तेही रिंगास्किडीलाच होते, गोदामात. मी लगेच गणपतीचं आमंत्रण देऊन टाकलं. ती म्हणाली, "येईन की. फक्त शनिवारी नाही हं, तो आमचा विसाव्याचा दिवस. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू." माझा चेहरा बघून तिनेच पुढे सांगितलं. जहाज फुटून पूर्वज अलिबागजवळ किनाऱ्याला लागले म्हणतात, पुढे तेलाचे घाणे घातले, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. मी पुण्याची, म्हणजे सगळं माहीत असलेली! आणि घाटाखालीच राहणाऱ्या या माणसांबद्दल मला काडीची माहिती नव्हती. ज्यू म्हणजे परदेशी, एवढंच डोक्यात. परदेशात येऊन ते कळलं.

नारळ कशाला हवा होता तेही तिनेच सांगितलं. लेकीला पाचवीची स्कॉलरशिप मिळाली होती, अलिबागला. नवस फेडायचा होता, मलिद्याचा, म्हणजे गूळखोबऱ्याच्या पोह्यांचा.

"लेक अलिबागला?" मी विचारलं.

"हो. आईकडे ठेवलीय," जुडिथताई म्हणाली, आणि तिने यादीची उगाचच दोनदा घडी घातली.

ही तमारची गोष्ट आहे की जुडिथताईची की तिच्या आईची, मला अजून नीट सांगता येत नाही. पण सुरुवात आईपासून करते, कारण वहीची युक्ती तिची.

जुडिथताईची आई सिम्हाबाई. आम्ही सगळे आजीच म्हणतो. चौथी शिकलेली. नवरा एसटीच्या डेपोत. आजीच्या वडिलांनी एका वहीत सगळ्या हिब्रू प्रार्थना मराठी अक्षरांत लिहून काढल्या होत्या, कारण हिब्रू अक्षरं घरात कुणालाच येत नव्हती. ती पहिली वही. आजी त्यातूनच प्रार्थना शिकली. अर्थ वडील सांगतील तेवढाच, पण उच्चार चोख.

जुडिथताई मराठी शाळेत दहावी-बारावी झाली आणि मुंबईला नर्सिंगला गेली. तिथे सगळं इंग्रजीत. पहिल्या वर्षी शरीररचनेत नापास होऊन ट्रंक घेऊनच ती घरी आली. "मला नाय जमणार, मी दुकानात लागते," म्हणाली. आजीने तिला जेवायला घातलं, भांडी घासली, आणि डेपोतून आणलेली एक कोरी वही काढली.

"तू वाच. मी लिहिते."

तीन आठवडे जुडिथताई इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचत होती आणि आजी ऐकेल तसं मराठी अक्षरांत लिहीत होती. द ह्युमरस इज अ लाँग बोन. ही दुसरी वही. लिहून झाल्यावर पाठ घ्यायची. आजी पाटावर बसायची, एका हाताचं बोट ओळीवर, दुसऱ्या हातात पितळी पळी. शब्द सुटला की पळी पाटावर: ठक्! मग पहिल्यापासून. जुडिथताई सांगते, "आईला एक शब्द कळत नव्हता, पण एक शब्द सुटलेला चालत नव्हता." पुढच्या परीक्षेत ती वर्गात तिसरी आली. दोन हजार तीनमध्ये कॉर्कच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा निघताना ती पळीच्या पाया पडली होती, हे ती हसत सांगते, पण मला वाटतं खरोखर पडली असेल.

आता तमारकडे येते. पोरगी जन्मली कॉर्कला. सात वर्षांची झाली तरी शाळेत रंगवणं, नाचणं, मातीची भांडी. पाढे नाहीत, शुद्धलेखन नाही, घरचा अभ्यास म्हणून दोन ओळी. जुडिथताईच्या रात्रपाळ्या, सॅमभाऊजींच्या दिवसपाळ्या. तिने आपल्याकडच्या शंभर आया करतात तो हिशोब केला: इथे पोर वाया जाईल, आई तिला घडवेल, जशी मला घडवली. शिवाय अलिबागला सिनेगॉग आहे, आपलं प्रार्थनाघर, आपली चार मुलं आहेत, इथे कॉर्कमध्ये कोण आहे? आणि तिने तमारला पाच वर्षांसाठी अलिबागला पाठवलं.

"पाच वर्षं मी रोज रडले, यामिनी," तिने मला एकदा सांगितलं. "कामावर नाही हां. गाडीत. हॉस्पिटल ते घर, वीस मिनिटं."

दोन हजार एकोणीसमध्ये तमार परत आली. बारा पूर्ण, तेरावं लागलेलं. गणितात वाघ, बोलणं अस्सल अलिबागी, आणि महिन्याभरात त्यावर कॉर्कचं इंग्रजी असं काही चढलं की एका वाक्यात "काय गो" आणि इथलं ठीक आहे म्हणायचं "ग्रँड" दोन्ही. इथली आपली बाकीची मुलं मराठी ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. ही आमच्या घरी येऊन इशिताला मराठीत रागवायची. मला फार आवडायची.

शाळेत नाव घालताना मुख्याध्यापकांनी एक कागद पुढे केला. मूल बाराच्या पुढे आणि आधीची तीन वर्षं देशाबाहेर, तर आयरिश भाषेतून सूट मिळते. हवी असेल तर सही करा.

आणि आता माझा पराक्रम ऐका. त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले होते, गाडी माझी म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घेऊन टाक! कोण बोलतं आयरिश? तेवढ्या वेळात गणित करेल. फुकट मिळालेली सूट पुणेकर सोडत नाही." जुडिथताईने उभ्याउभ्या सही केली. आम्ही दोघी त्या आनंदात कॉफी प्यायलो. शहाण्या ना आम्ही!

तीन वर्षांनी, माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षाला, इथे मुलांना दोन आठवडे कुठेतरी काम करून बघायला पाठवतात. तमार गावातल्याच प्राथमिक शाळेत गेली. तिसऱ्या दिवसापर्यंत तिने दुसरीच्या वर्गाला आजीच्या चालीत पाढे म्हणायला लावले होते, आणि पोरं मधल्या सुट्टीतही ते म्हणत फिरत होती. दोन आठवडे संपले तेव्हा मुलांनी तिला जाऊच दिलं नाही म्हणे. घरी येऊन तिने सांगून टाकलं, "आई, मी मास्तरीण होणार. लहान मुलांचीच."

जुडिथताईला आनंद झाला. तिने सगळ्यांना फोन केले. मग शाळेत चौकशीला गेली. तिथल्या बाईंनी फाइल उघडली, बघितली, आणि शांतपणे सांगितलं: प्राथमिक शिक्षक व्हायचं तर आयरिश हवंच. शेवटच्या परीक्षेत वरच्या पातळीचा पेपर आणि किमान एच-फोर, म्हणजे शंभरात साठ. तमारला तर सूट आहे. सही तुमचीच आहे ना ही?

तिने मला शाळेच्या पार्किंगमधून फोन केला. म्हणाली, "मी माझ्या हाताने पोरीचं दार लावलं गो. आधी पाच वर्षं लांब ठेवली, वर ही सही. तिने काय वाकडं केलं होतं माझं?"

मला लाज वाटली. "अगं, सल्ला माझा होता," मी म्हटलं.

"सही माझी होती," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तमार ओरडली नाही, भांडली नाही. "ग्रँड, दुसरं काहीतरी बघू," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. ते जुडिथताईला जास्त लागलं. भांडली असती तर हिने चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाली असती.

आठवड्याने ती आयरिशच्या बाईंना भेटली. मिसेस टूमी, स्पष्टवक्ती बाई. सूट सोडता येते, त्या म्हणाल्या, त्याला कुणी अडवत नाही. पण इथली मुलं वयाच्या चौथ्या वर्षापासून हे शिकतात. तुमच्या मुलीला दोन वर्षं आहेत, आणि सातव्या वर्षापर्यंत शिकलेलं पुसून पाटी कोरी. मी पंचवीस वर्षं शिकवतेय, असं झालेलं मी बघितलेलं नाही. करू नका असं म्हणत नाही.

"मग लिहून द्या, सूट नको," जुडिथताई म्हणाली. "सही कुठे करू?"

येताना तिने निळ्या पुठ्ठ्याची जाड वही आणली. ती तिसरी वही.

पहिले धडे कुठे झाले माहीत आहे? आमच्या स्वयंपाकघरात. गुरू कोण? आठ वर्षांची इशिता! ती शाळेच्या पहिल्या दिवसापासून आयरिश शिकत होती आणि तोपर्यंत मी तिकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. टेबलाच्या एका बाजूला सोळा वर्षांची तमार आणि पन्नाशीची जुडिथताई, दुसऱ्या बाजूला आमची बया, हातात रंगीत खडू. ती म्हणायची, "इस मिशा इशिता," म्हणजे मी इशिता. मग तमार, "इस मिशा तमार." आणि जुडिथताई वहीत मराठी अक्षरांत उतरवून घेत, "हळू गं बाई, हळू." चुकलं की इशिता डोळे फिरवून म्हणायची, "अरीश!" म्हणजे पुन्हा एकदा. तो शब्द आमच्या दोन्ही घरांत इतका रुळला की भाजी करपली तरी सारंग म्हणायचा, अरीश.

तमारला आयरिश वाचता-लिहिता शाळेत येऊ लागलं. पण पाठ घ्यायला जुडिथताईला अक्षरं कळायला हवीत ना! ती अक्षरं तिला भलतीच वाटायची, लिहिलेलं एक आणि बोललेलं दुसरंच. म्हणून तमारने वाचायचं, आईने ऐकेल तसं लिहायचं. कविता, चित्रांवरून सांगायच्या गोष्टी, स्वतःची ओळख. हॉस्पिटलातून येऊन बूटसुद्धा न काढता ती वही उघडायची. पळी अलिबागला होती, इथे लाकडी चमचा. ठक्! अरीश!

आणि अलिबागलाही शांतता नव्हती. वहीच्या पानांचे फोटो जायचे. ब्याऐंशी वर्षांच्या आजीने शेजारणीला मोबाइल धरायला लावून ती पानं मोठ्या अक्षरांत दुसऱ्या वहीत उतरवून घेतली. का, तर "तू कामावर असतीस तवा पोरीचं पाठ कोन घेनार?" संध्याकाळी फोनवर तमार आयरिश कविता म्हणायची आणि समुद्रापलीकडून पळी वाजायची. बाईला एक शब्द कळत नव्हता. आणि एक सुटलेला चालत नव्हता.

याच दरम्यान डोनल भेटला. बॅलीवूर्नीकडचा, ऐंशीचा म्हातारा, खुब्याचं हाड मोडून वॉर्डात आलेला. बॅलीवूर्नीच्या भागात अजून आयरिश घरात बोलतात. भुलीतून जागा होताना हा जे बोलत होता ते केरळच्या नर्सला कळेना, फिलिपिन्सच्या नर्सला कळेना. जुडिथताई वाकून म्हणाली, "कुनस ती?" म्हणजे कसा आहेस. म्हाताऱ्याने खाडकन डोळे उघडले. आधी वाटलं आपण मेलो, असं त्याने नंतर सांगितलं. मग बरा होईस्तोवर तो ड्रेसिंग बदलताना धडे द्यायचा आणि घरी जाताना म्हणाला, पोरीला घेऊन ये रविवारी, माझ्याकडे बोलायला कुणी नाही.

ज्या रविवारी पाळी नसेल त्या रविवारी मायलेकी तासभर गाडी चालवून त्याच्याकडे जायच्या. जुडिथताई त्याच्यासाठी खिमा पॅटिस न्यायची. पाळ्यांचं तर तिचं तंत्रच वेगळं. शनिवार मोकळा मिळावा म्हणून ती दरवर्षी सगळ्यांच्या ख्रिसमसच्या पाळ्या स्वतः घेते, वीस वर्षं. आता त्यात डोनलचे रविवार काढायचे म्हणून तिने नवीन वर्षाची सुट्टीही विकली.

तर असं दीड वर्ष गेलं. तमारच्या तोंडी दोनशे पानं. आम्हाला वाटलं, झालं काम! फेब्रुवारीत सराव परीक्षा झाली. शंभरात सेहेचाळीस.

मी त्यांच्या घरी होते. तमार दप्तरासकट जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा रडली. अलिबागीत रडली. "मी ढ हाय. मला नाय येत. आई, तू उगाच जीव काढतेस गो, मला सोड!" जुडिथताईने वही मिटून प्रेसमध्ये टाकली, म्हणजे कपाटात. इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, आम्हालाही तीच सवय. वही मिटताना जो आवाज झाला तो मला सहन झाला नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी ती मिसेस टूमींना भेटली, नेहमीसारखी चौकशी म्हणून नाही, भांडायलाच. आणि बाईंनी तिला फैलावर घेतलं. तुमच्या मुलीचे उच्चार माझ्याहून चांगले आहेत, त्या म्हणाल्या. पाठ केलेलं विचारा, धडाधड म्हणते. पण मी विचारलं, आज डब्यात काय आणलंस, तर गप्प. पाठांतरात नाही असं काही विचारलं की ती गप्प. तोंडी परीक्षेला शंभरातले चाळीस गुण आहेत आणि परीक्षक गप्पा मारायला येतो, पाठ घ्यायला नाही. तिला बोलू द्या.

जुडिथताईला ते जिव्हारी लागलं. आजीची युक्ती, जिने तिला नर्स केलं, ती इथे अर्ध्या वाटेत संपत होती. "आता कधी बोलायचं? वेळ कुठाय? एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा," ती माझ्यापाशी चिडचिड करत होती. "रोज कामावर. रविवार कधी असतो कधी नसतो. शनिवारी तर लिहायचंही नसतं, फोन नाही, वही नाही, काही नाही, नुसतं बसायचं..."

ती थांबली.

"नुसतं बसून काय करायचं असतं?" मी विचारलं.

"बोलायचं," ती म्हणाली.

त्या आठवड्यापासून पेझारकरांच्या घरात शुक्रवारी मेणबत्त्या लागल्या की शनिवारी तारे दिसेपर्यंत फक्त आयरिश. वही प्रेसमध्ये, चमचा खणात. पहिला शनिवार भयंकर गेला म्हणे. तिघं एकमेकांकडे बघत बसले. तमारला शब्द आठवेना, जुडिथताईला वाक्य जुळेना, आणि सॅमभाऊजींना तर काहीच येत नव्हतं. शेवटी तहान लागून लागून थर्मासकडे बोट दाखवत त्यांनी लेकीला विचारलं, आणि तिने शिकवलं, "टॉ टे उअम." मला चहा हवा. तेवढं एकच वाक्य त्यांनी त्या दिवशी अकरा वेळा वापरलं. तिसऱ्या शनिवारी तमार आईशी भांडली, आयरिशमध्ये, खोली आवरण्यावरून. जुडिथताईने रविवारी सकाळी मला उड्या मारत फोन केला: "यामिनी, पोरगी उलट बोलली! न अडखळता!" एवढा आनंद मी कुठल्या आईला उलट उत्तराचा झालेला बघितला नाही.

मला त्या काळात घरात घेत नव्हते हां शनिवारी. मी मराठीत बडबडेन म्हणून. इशिताला मात्र प्रवेश होता. गुरू ना ती!

तोंडी परीक्षेचा वार आला सोमवार. तमार आत गेली, आम्ही दोघी गाडीत. पंधरा मिनिटांची परीक्षा, मला पंधरा वर्षांची वाटली. ती बाहेर आली ती चेहऱ्यावर काही न दाखवता, मग गाडीचं दार लावलं आणि सुटली. परीक्षकाने कविता घेतली, चित्रांची गोष्ट घेतली, आणि विचारलं, शनिवार-रविवारी काय करतेस? "सगळी पोरं फुटबॉल नि सिनेमा पाठ करून जातात," तमार म्हणाली. "मी त्याला सगळं खरं सांगितलं. मेणबत्त्या, फोन बंद, बाबांचा चहा, आई कशी भांडते ते. तो हसला. म्हणाला, तुझ्या बाबांना अजून एकच वाक्य येतं? मी म्हटलं, नाही, आता दोन, दुसरं आहे, अजून चहा हवा."

जून महिन्यात लेखी झाली. मग अडीच महिने जुडिथताईने घरातली एकूण एक गोष्ट घासून ठेवली.

ऑगस्टमधला शुक्रवार, सकाळी दहा. निकाल फोनवर येतो. तमार टेबलाशी, जुडिथताई उभी, सॅमभाऊजींनी रजा घेतलेली, मी आणि इशिता आगंतुक, आणि अलिबागहून आजी व्हिडिओवर, डोक्यावर पदर घेऊन. सगळे विषय बाजूला. तमारचा अंगठा खाली सरकत गेला. आयरिश, वरची पातळी.

"किती?" जुडिथताईने विचारलं.

"एच-थ्री."

इथे एक सगळ्यात वरचा. चार हवा होता, तीन मिळाला! म्हणजे सत्तरच्या वर. सत्तर! मी किंचाळले. सॅमभाऊजी खुर्चीवरच बसून रडायला लागले. जुडिथताई मात्र हलली नाही. तिने तमारचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "उघडलं का गं दार?"

"कवाच, आई," तमार म्हणाली. "तू उगाच ढकलत बसलीस."

मग ती रडली. सहा वर्षांचं रडून घेतलं. तिकडून आजी ओरडत होती, "पास ना? पास ना? मग मलिदा कर आधी, रडतेस काय!" पुढच्या बुधवारी लिमरिकच्या कॉलेजात जागा मिळाल्याचंही आलं.

मलिदा रविवारी होता. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष असावेत अशी रीत, पण ते कॉर्कमध्ये कुठून आणणार? गावातलं सिनेगॉग मी येण्याआधीच बंद पडलेलं. सॅमभाऊजी म्हणाले, ज्यांच्या नावाने मलिदा करतो ते एलियाहू हन्नबी मोजायला बसत नाहीत. जुडिथताईने पोहे भिजवले, गूळ घातला, आणि नारळ अख्खा आणून घरी खोवला, भुसा नाही. वेलची, सुका मेवा, कडेने पाच फळं. सॅमभाऊजींनी आजीच्या वडिलांच्या वहीतून प्रार्थना म्हटली, ती पहिली वही आजीने खास पाठवली होती. मी, सारंग, इथल्या मराठी मंडळातली चार घरं, मिसेस टूमी, आणि काठी टेकत डोनल. डोनलने दोनदा मलिदा घेतला आणि हे आमच्याकडे लहानपणी का नव्हतं म्हणून तक्रार केली.

मग तोच म्हणाला, पोरीचं ऐकलं सगळ्यांनी, आता आईचं ऐकू. दोन वर्षं हिने वही धरली, हिला एकदा तरी उभं करा.

"छे! मला कुठे येतं," जुडिथताई म्हणाली. पण आम्ही सोडतोय थोडंच? तमारने तिला हाताला धरून मधे उभं केलं. फोन कपाटाला टेकवून ठेवला होता, त्यात आजी. जुडिथताईने घसा खाकरला आणि तिसऱ्या वहीचं पहिलं पान सुरू केलं, वही न बघता. इस मिशा जुडिथ. मी जुडिथ. मी अलिबागची. मी कॉर्कमध्ये राहते. मी नर्स आहे. मला एक मुलगी आहे. शब्द एकामागून एक येत होते. मिसेस टूमी डोळे पुसत होत्या. डोनल मान डोलवत होता. संपलं. आम्ही टाळ्यांसाठी हात उचलले.

ठक्!

फोनमधून.

आजी चष्मा लावून बसली होती. मांडीवर मोठ्या अक्षरांची वही, बोट ओळीवर, हातात पितळी पळी.

"जुडू, मधली एक ओळ खाल्लीस," ती म्हणाली. "अरीश!"

डोनल आधी हसला, मग म्हणाला, बाई बरोबर सांगतेय, नवऱ्याचं वाक्य राहिलं. सॅमभाऊजी म्हणाले, ते नेहमीच राहतं. घर नुसतं हसण्याने भरून गेलं. तमार आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

आणि बावन्न वर्षांच्या, बावीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या जुडिथताईने शाळेतल्या पोरीसारखे हात मागे बांधले, आईकडे बघितलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.